पडदा आणि घड्याळ

(ताथवडे येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या एकत्रित अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



सकाळपासून आपण पाणीपुरवठा, शालेय पोषण आहार आणि करवसुली या विषयांचा ऊहापोह केला. त्यानंतर चित्रपट आणि दूरचित्रवाणी हा विषय ठेवण्यामागे आपणांस थोडा विरंगुळा मिळावा एवढाच संयोजकांचा हेतू असावा, असे काहींना वाटले असेल. माझी समजूत निराळी आहे. ज्या गोष्टीसाठी माणसे दररोज दोन-तीन तास देतात, ती गोष्ट लोकजीवनाच्या विचारात शेवटच्या बाकावर बसविण्याजोगी नाही. तेव्हा या क्षेत्रात आज कोणते प्रवाह आहेत, कोणते वाद आहेत आणि त्यांच्याशी आपला काय संबंध आहे, हे थोडक्यात मांडण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

आपण जेथे जमलो आहोत ते ताथवडे २००९ पर्यंत ग्रामपंचायतीचे गाव होते. त्यानंतर ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. पशुसंवर्धन खात्याचे वळूमाता प्रक्षेत्र येथे आहे, महाविद्यालयांच्या इमारती आहेत, महामार्ग आहे आणि पश्चिमेस हिंजवडीची संगणक कार्यालये आहेत. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्यानंतरच्या दशकांत हा औद्योगिक पट्टा चाकणपर्यंत पसरला. या पट्ट्यात कामे तीन पाळ्यांत चालतात. येथील माणसांचा दिवस एकाच वेळी उजाडत नाही आणि एकाच वेळी मावळत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण चित्रपट आणि दूरचित्रवाणीविषयीचे आजचे पुष्कळसे वाद वरवर पाहता पडद्याचे दिसतात. थोडे खोल गेल्यास ते घड्याळाचे आहेत असे आढळून येते. कोणी, काय, केव्हा पाहावयाचे, आणि ती वेळ ठरवावयाची कोणी, हा खरा प्रश्न आहे.

पूर्वीची वेळ सर्वांची एक होती. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणे परिसरात चित्रे दिसू लागली. ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम शेतकऱ्याच्या घरातला झाला; ‘गजरा’ आणि ‘चिमणराव’ यांनी संध्याकाळी हसविल्या. माझे बालपण मावळातील एका खेड्यात गेले. आमच्या गावी ग्रामपंचायतीचा एक सार्वजनिक संच होता. तो लाकडी पेटीत कुलूपबंद असे, आणि किल्ली शिपाईकाकांच्या करगोट्याला असे. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा सारे गाव पंचायतीच्या ओट्यासमोर बसे. मी सात वर्षांचा होतो. आज त्या मालिकेतील प्रसंग मला थोडेच आठवतात; परंतु शेजारी कोण बसले होते, हे मात्र स्पष्ट आठवते. कार्यक्रम संपल्यावर माणसे लगेच उठत नसत. त्याच ओट्यावर मग विहिरीचा गाळ, शाळेचे छप्पर आणि कोणाच्या तरी आजारपणाची गोष्ट निघे.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. एकच वाहिनी होती, आणि तिच्यावर काय लागावे यात प्रेक्षकाला मत नव्हते. वीज गेली की सारेच गेले. परंतु त्या व्यवस्थेत एक गोष्ट आपोआप घडत होती. गावाला एक सामाईक तास मिळत होता.

चित्रपटाचेही तसेच होते. येथून जवळच देहू आहे. त्या देहूच्या तुकोबांवर पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली ‘संत तुकाराम’ हा चित्रपट काढला. विष्णुपंत पागनीस यांनी त्यात तुकारामांची भूमिका केली. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, हे आपण नेहमी अभिमानाने सांगतो. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. मुंबईच्या एका चित्रपटगृहात हा चित्रपट ५७ आठवडे चालला. याचा अर्थ असा की, ज्याला पहिल्या महिन्यात सवड नव्हती त्याला सहाव्या महिन्यात मिळाली. पेरणी आटोपून आलेल्यालाही तो सापडला, आणि दिवाळीला पाहुणा म्हणून आलेल्यालाही. शहरात न येणाऱ्यांसाठी जत्रेतले तंबू होते. महाराष्ट्रातील या फिरत्या चित्रपटगृहांवरील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाची २०१६ साली कान महोत्सवात विशेष दखल घेतली गेली. पण तोवर त्या तंबूंचे दिवस सरत आले होते.

आता आजच्या स्थितीकडे वळू. काही महिन्यांपूर्वी चाकणच्या एका कारखान्यातील कामगाराशी माझे बोलणे झाले. तो भाड्याच्या खोलीत राहतो. पत्नीला आणि दोन मुलांना एक मराठी चित्रपट दाखवावा, असे त्याच्या मनात होते. त्याची पहिली पाळी दुपारी तीन वाजता सुटते, आणि कंपनीच्या बसने घरी पोहोचेपर्यंत साडेचार होतात. सोयीच्या मल्टिप्लेक्समध्ये त्या चित्रपटाचे दोनच खेळ होते : एक सकाळी सव्वादहाचा, दुसरा दुपारी एकचा. त्याने सुटीच्या रविवारची वाट पाहिली. शुक्रवारी चित्रपट उतरला. तो मला म्हणाला, “साहेब, पिक्चर आमचा होता, टाइम आमचा नव्हता.” मराठी चित्रपटांना पडदे मिळत नाहीत या वादाविषयी मी पुष्कळ वाचले आहे, परंतु इतक्या थोड्या शब्दांत तो मला कोणी समजावून दिला नव्हता.

हा वाद जुना आहे. १९७१ साली दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात जागा मिळावी म्हणून आंदोलन झाले होते. एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मल्टिप्लेक्समध्ये सायंकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखविणे बंधनकारक करण्याचे जाहीर केले. त्यावर बरीच चर्चा झाली, आणि पुढे ही वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी विस्तारण्यात आली. तडजोड म्हणून ती समजण्याजोगी होती. परंतु त्या चाकणच्या कामगाराच्या दृष्टीने पाहा. दुपारी एकचा खेळ नियमात बसतो. त्या वेळी तो मात्र यंत्रापुढे उभा असतो. जुलै २०२५ मध्ये ‘येरे येरे पैसा ३’ आणि हिंदी ‘सैयारा’ हे चित्रपट एकाच दिवशी प्रदर्शित झाले, आणि मराठी चित्रपटाचे खेळ काढून घेतल्याची तक्रार पुन्हा ऐकू आली.

चित्रपटगृहचालकांचीही बाजू आहे, आणि ती ऐकून घेणे न्यायाचे होईल. रिकाम्या खुर्चीचेही भाडे आणि वीजबिल त्यांना भरावे लागते. शिवाय या व्यवहाराचा एक हिशेब आहे, जो सर्वसामान्य प्रेक्षकास ठाऊक नसतो. २००९ साली हिंदी चित्रपटांचे निर्माते आणि मल्टिप्लेक्सचालक यांच्यात दीर्घ काळ संघर्ष झाला. त्यानंतर जो करार झाला त्यानुसार कर वजा जाता उरलेल्या उत्पन्नातून निर्मात्याच्या बाजूस पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्या आठवड्यात ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५ टक्के आणि त्यानंतर ३० टक्के असा वाटा ठरला. म्हणजे निर्मात्याचा वाटा आठवड्यागणिक घटतो. साहजिकच मोठ्या भांडवलाचा चित्रपट पहिल्या तीन दिवसांतच शक्य तितके पडदे व्यापू पाहतो. शुक्रवार ते रविवार हीच त्याची सुगी. ज्या चित्रपटाची कीर्ती एकाने दुसऱ्यास सांगून पसरावयाची असते, त्याला सोमवार उजाडेपर्यंत थांबण्याची मुभा नसते. ५७ आठवड्यांवरून आपण तीन दिवसांवर आलो आहोत.

करांचीही गोष्ट येथे सांगितली पाहिजे. राज्याचा करमणूक कर होता तेव्हा मराठी चित्रपटांना त्यातून सूट होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर ती जुनी रचना संपली. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर ५ टक्क्यांवर आला, आणि त्यावरील तिकिटावर तो १८ टक्केच राहिला. सवलत स्वागतार्ह आहे. मात्र शहरी मल्टिप्लेक्समध्ये सायंकाळी शंभर रुपयांचे तिकीट किती ठिकाणी मिळते, याचा अनुभव आपणांस आहेच. दर्जेदार मराठी चित्रपटांस शासनाकडून अर्थसाहाय्य मिळते, गोरेगावची चित्रनगरी आहे. चित्रपट निर्माण व्हावा यासाठी आपण पुष्कळ केले. तो पाहिला जावा यासाठी मात्र अजून पुष्कळ करावयाचे आहे.

प्रेक्षकच नाही, असे म्हणणाऱ्यांना मी दोन दाखले देतो. २००४ साली ‘श्वास’ला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’ने हा सर्वोच्च सन्मान मिळविल्यानंतर तब्बल पन्नास वर्षांनी तो पुन्हा मराठीकडे आला. एका लहान मुलाच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची ती साधी गोष्ट होती. ऑस्करच्या वारीसाठी त्या चित्रपटाला लोकांनी वर्गणी दिली. दुसरा दाखला ‘सैराट’चा. २०१६ च्या उन्हाळ्यात तो लागला, तेव्हा सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर येथे मध्यरात्री बारा आणि पहाटे तीन वाजता खेळ लावावे लागले. शेतावरची आणि कामावरची माणसे ज्या वेळी मोकळी होती, त्या वेळेपर्यंत चित्रपटगृह चालत गेले. घड्याळ प्रेक्षकाच्या बाजूने फिरविले तर काय घडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

दूरचित्रवाणीकडे येऊ. १९९९ पासून खाजगी मराठी वाहिन्या आल्या, आणि दैनंदिन मालिकेने घराघरांत आपली वेळ पक्की केली. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ अशी चालली, आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एकेकाळी तेरा भागांत संपणाऱ्या गोष्टीला आता शेवटच नको झाला आहे. याचे कारण लेखकांचा आळस हे नव्हे. घराघरांतून निवडलेल्या संचांवर बसविलेल्या मापकांतून प्रेक्षकसंख्येचा अंदाज बांधला जातो, आणि त्या आकड्यावर जाहिरातीचा दर ठरतो. आकडा चढता आहे तोवर नायिकेचे दुःख संपणे परवडत नाही. २०२० साली या मोजणीत गैरप्रकार झाल्याच्या आरोपावरून मुंबईत पोलीस चौकशी झाली, आणि त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे सुमारे दीड वर्ष प्रसिद्ध होत नव्हते. मोजणीच्या काट्यावरच शंका आली की त्याने तोललेल्या धान्याविषयी काय बोलावे?

तिसरा पडदा आपल्या खिशात आहे. भ्रमणध्वनीवर आता कोणतीही गोष्ट कोणत्याही वेळी पाहता येते. पाळीवर काम करणाऱ्या माणसाला हा मोठाच दिलासा आहे, आणि मी त्याला कमी लेखणार नाही. दाक्षिणात्य चित्रपट हिंदीतून पाहणारा, ओडिशा वा बिहारमधून आलेला आपला शेजारी आपल्या भाषेतील चित्रपटही त्याच लहान पडद्यावर शोधतो. परंतु वेळ हाती आली तेव्हा निवड हातातून निसटली. काय पाहावे हे आपल्या मागच्या सवयी मोजणारे यंत्र सुचविते, आणि ते सहसा कालच्यासारखेच काहीतरी पुढे ठेवते. ‘साबर बोंडं’ या खेड्यात घडणाऱ्या मराठी चित्रपटाला २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातील सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ज्या तालुक्यांतून अशा गोष्टी येतात, तेथे अशा चित्रपटांचे नाव तरी पोहोचते काय, हा प्रश्न आपण स्वतःस विचारावयास हवा.

मुलांविषयीची काळजी येथे स्वाभाविकपणे पुढे येते. कायद्याने काही सोय केली आहे. २०२१ च्या नियमांनुसार इंटरनेटवरील मंचांनी आपल्या कार्यक्रमांवर वयोगट दर्शविणे आवश्यक आहे, आणि तेरा वर्षांवरील गटापासून पुढच्या कार्यक्रमांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावयाची आहे. २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहांतील प्रमाणपत्रातही सात, तेरा आणि सोळा वर्षे असे टप्पे आले. पालकसभेत शिक्षकांनी ही माहिती अवश्य द्यावी. मात्र कुलपाने फक्त दार बंद होते. चांगले काय पाहावे, हे कुलूप सांगत नाही.

मग आपण काय करावयाचे? चित्रपटगृहांचे वेळापत्रक आपल्या हातात नाही, वाहिन्यांचे आकडे आपल्या हातात नाहीत. परंतु सामाईक तास निर्माण करणे आपल्या हातात आहे. एक पाहिलेला प्रसंग सांगतो.

गेल्या वर्षी या पट्ट्यातील एका जिल्हा परिषद शाळेने अविनाश अरुण दिग्दर्शित ‘किल्ला’ हा चित्रपट दाखविला. आईच्या सरकारी नोकरीतील बदलीमुळे पुणे सोडून कोकणात यावे लागलेल्या, वडील नसलेल्या मुलाची ती गोष्ट आहे. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ साली बालपरीक्षकांनीच त्याला पारितोषिक दिले होते. शाळेने प्रथम पालकांच्या पाळ्या विचारून घेतल्या. मग शनिवारी सायंकाळी एक आणि रविवारी सकाळी एक, असे दोन खेळ लावले. वर्गातला प्रक्षेपक, एक पांढरी चादर, गावातून आणलेला ध्वनिक्षेपक. खर्च म्हणाल तर चहाचा. चित्रपट संपल्यावर मुख्याध्यापिकेने दिवे लावले आणि म्हणाल्या, “आता लगेच उठायचं नाही. पंधरा मिनिटं बोलू या.”

सहावीतली एक मुलगी मागच्या बाकावर होती. नांदेडकडून आलेले कुटुंब, वडील कंत्राटी कामावर, तिची ही चौथी शाळा. ती वर्गात फारशी बोलत नसे, असे मला नंतर कळले. तिने हात वर केला आणि विचारले, “बाई, शाळा सोडून गेलेली मुलं कुठं जातात, ते कुणी लिहून ठेवतं का?” सभागृहात शांतता पसरली. तेथे बसलेल्या पालकांपैकी निम्म्यांची मुले अशीच आली होती आणि अशीच जाणार होती. दाखल्याची नोंद आपण ठेवतो. तिने विचारलेली नोंद वेगळी होती. पुढच्या आठवड्यात त्या वर्गाने दोन वर्षांत शाळा सोडून गेलेल्या मुलांची यादी केली, आणि ज्यांचे पत्ते मिळाले त्यांना पोस्टकार्डे पाठविली. चार उत्तरे आली. त्यांतले एक ऊसतोडीच्या फडावरून होते : मुलगा तेथे शाळेत जात नव्हता. त्यानंतर त्या तालुक्यातील शिक्षणाधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार झाला, आणि मुलगा पुन्हा शाळेत बसला. एका चित्रपटाने हे केले, असे मी म्हणणार नाही. चित्रपटानंतरच्या पंधरा मिनिटांनी हे केले.

असे खेळ लावताना दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घरगुती वर्गणी भरून आपल्या भ्रमणध्वनीवर आलेला चित्रपट सार्वजनिक ठिकाणी दाखविण्याचा हक्क आपणांस मिळत नाही. प्रतिमुद्राधिकार अधिनियम १९५७ च्या कलम ५२ मध्ये मात्र शिक्षणसंस्थेच्या कार्याचा भाग म्हणून, प्रेक्षक केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढ्यांपुरते मर्यादित असतील, तर चित्रपट दाखविण्यास मुभा आहे. ग्रामपंचायतीस गावासाठी खेळ करावयाचा असेल, तर हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी. लहान निर्मात्याला पत्र लिहिले तर पुष्कळदा तो आनंदाने होकार देतो. आपला चित्रपट पाहावा असे त्याला आपल्याहून अधिक वाटत असते. चोरून उतरविलेली प्रत कदापि वापरू नये. २०२३ च्या दुरुस्तीनंतर अशा चोरीस किमान तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आहे, आणि दंडही मोठा आहे. त्याहून मोठी गोष्ट ही की, ज्याच्या श्रमावर आपण चर्चा करणार, त्याचाच खिसा कापणे शोभत नाही.

मार्गदर्शनासाठी परंपराही आहे. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून हे काम करीत आले आहे, पुण्यात आशय फिल्म क्लब आहे, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यातच आहे. इतके जवळ असलेले धन मावळ-मुळशीच्या गावांनी आणि या नव्या वस्त्यांनी वापरू नये, याला कारण नाही.

मित्रहो, वाद चालू राहतील आणि ते राहावेतही. पडदे किती, कर किती, प्रमाणपत्र कोणते, यांवर मुंबईत आणि दिल्लीत निर्णय होतील. आपल्यापुरती माझी विनंती लहान आहे. आपल्या गावात, आपल्या शाळेत महिन्यातून एक संध्याकाळ राखून ठेवा. ती ठरविण्यापूर्वी कोणाची पाळी केव्हा सुटते, हे विचारून घ्या. चांगला चित्रपट निवडा, हक्क रीतसर मिळवा, आणि चित्रपट संपल्यावर दिवे लागताच माणसांना उठू देऊ नका. आमच्या गावच्या त्या ओट्यावर जे बोलणे होत असे, त्याची किल्ली आता कोणा शिपाईकाकांच्या करगोट्याला नाही. ती आपल्याकडे आहे.